विचित्र शब्दांची सरळ रीत

परक्या भाषेतला एखादा शब्द ऐकून हसू येते, ते बहुधा तीन कारणांनी. शब्द एका दमात म्हणता येणार नाही इतका लांब असतो, त्याचा आवाज कानाला गुदगुल्या करतो, किंवा त्याचा अर्थ इतका बारीक असतो की एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी वेगळा शब्द राखून ठेवला असेल हे खरे वाटत नाही. ज्यांची ती भाषा आहे त्यांना मात्र त्यात काही नवल वाटत नाही. बाजारात, कचेरीत, जेवताना ते तो शब्द सहज वापरतात. मराठी माणूस ‘शतपावली’ किंवा ‘शुकशुकाट’ म्हणताना अडखळत नाही. मराठी शिकायला आलेला परदेशी माणूस नेमका तिथेच थबकतो.

जगभरच्या गमतीदार शब्दांचा माग काढला तर ते मोजक्याच वाटांनी घडलेले दिसतात. शब्दाला शब्द जोडला जातो, आवाजाची नक्कल केली जाते, नात्यांची बारीक वाटणी होते, रोजच्या प्रसंगांना नावे दिली जातात आणि परमुलखातले शब्द उसने घेतले जातात. या सगळ्या वाटा मराठीतही रुळलेल्या आहेत. त्यामुळे परक्या शब्दाची घडण समजून घ्यायला मराठीचाच आधार पुरतो.

लांबच लांब शब्द

जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याने १९९९ मध्ये एक कायदा केला. त्याचे नाव ‘रिंटफ्लाइशएटिकेटीरुंग्सयुबरवाखुंग्सआउफगाबनयुबरट्रागुंग्सगेझेत्स’. रोमन लिपीत हा शब्द ६३ अक्षरांचा होतो. उलगडून पाहिला तर तो अगदी सरळ, सरकारी शब्द आहे. रिंटफ्लाइश म्हणजे गोमांस, एटिकेटीरुंग म्हणजे लेबल लावणे, युबरवाखुंग म्हणजे देखरेख, आउफगाबन म्हणजे कामे, युबरट्रागुंग म्हणजे सोपवणे आणि गेझेत्स म्हणजे कायदा. गोमांसावरच्या लेबलांची देखरेख करण्याचे काम कोणाकडे सोपवायचे, हे ठरवणारा हा कायदा २०१३ मध्ये रद्द झाला. जर्मन भाषेत नामाला नाम जोडताना मध्ये जागा सोडत नाहीत. शब्दाच्या लांबीचे कारण एवढेच.

संस्कृतातला समास याच जातीचा. विजयनगरच्या राजघराण्यातल्या तिरुमलांबेने सोळाव्या शतकात लिहिलेल्या ‘वरदांबिकापरिणय’ या चंपूकाव्यात कांचीजवळच्या प्रदेशाचे वर्णन करणारा १९५ अक्षरांचा एक समास आहे. गिनेस बुकाने जगातला सर्वांत लांब शब्द म्हणून त्याची नोंद घेतली.

तुर्की भाषेची रीत थोडी वेगळी आहे. तिथे नामाला नाम जोडण्यापेक्षा एकाच मुळाला प्रत्ययांमागून प्रत्यय लागत जातात. तुर्की मुले गंमत म्हणून घोकतात तो ‘चेकोस्लोवाक्यालिलाश्तिरामादिकलारिमिझदान मिसिनिझ’ हा प्रश्न त्याचा नमुना. अर्थ असा: ‘आम्हांला ज्यांना चेकोस्लोवाकियाचे करून टाकता आले नाही, त्यांच्यापैकी तुम्ही आहात का?’ देशाच्या नावाला आधी ‘तिथला’ हा प्रत्यय लागतो, मग ‘होणे’, मग ‘करवणे’, मग ‘न जमणे’, मग अनेकवचन, मग ‘आमचे’ आणि शेवटी ‘पैकी’. हे ऐकून थक्क होणाऱ्या मराठी वाचकाने ‘गावाकडच्यांसाठीसुद्धा’ हा शब्द सुटा करून पाहावा. गाव, कडे, चा, त्याचे अनेकवचनी सामान्यरूप, साठी आणि सुद्धा असे सहा थर त्यात एकावर एक चढलेले आहेत, आणि मराठी माणूस तो शब्द न थांबता म्हणतो.

काही लांब शब्द मात्र निव्वळ लांबीसाठीच बनवले गेले. वेल्समधल्या अँगलसी बेटावर लानव्हायर पुलग्विनगिल नावाचे गाव आहे. रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांचे लक्ष वेधावे म्हणून १८६० च्या दशकात त्या नावाला आणखी शेपूट जोडून ते ५८ अक्षरांचे करण्यात आले. त्यात पांढऱ्या हेझलच्या झाडांचा खळगा, जवळचा भोवरा, संत मेरी आणि संत टिसिलिओ यांची चर्चे आणि एक तांबडी गुहा असे सगळे सामावले आहे. स्टेशनवरची लांबलचक पाटी पाहायला आजही पर्यटक जातात. इंग्रजीतला ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ हा ४५ अक्षरांचा शब्दही असाच. ज्वालामुखीच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचे हे नाव १९३५ मध्ये अमेरिकेतल्या शब्दकोडीप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी रचले. डॉक्टर त्या रोगाला साधे ‘सिलिकोसिस’ म्हणतात.

नवी वस्तू, जुने शब्द

जोडण्याची हीच युक्ती नव्या वस्तूला नाव देताना उपयोगी पडते, आणि तिथे खरी गंमत येते. जर्मन भाषेत हातमोज्याला ‘हांटशू’ म्हणतात, म्हणजे हाताचा बूट. मराठीने हाताला मोजा घातला, जर्मनने बूट घातला, एवढाच फरक. कासवाला जर्मनमध्ये ‘शिल्टक्रोटे’ म्हणतात, म्हणजे ढालवाला भेक. आणि झाडाला लटकून दिवस काढणाऱ्या स्लॉथला ‘फाउलटीअर’, म्हणजे आळशी जनावर.

चिनी भाषा या कामात वाकबगार आहे. जिराफ म्हणजे ‘छांगचिंगलू’, लांब मानेचे हरीण. घुबड म्हणजे ‘माओथोउयिंग’, मांजराच्या डोक्याचा गरुड. संगणक म्हणजे ‘त्येननाओ’, विजेचा मेंदू. रेल्वेगाडी म्हणजे ‘ह्वोछ’, आगीची गाडी. हा शेवटचा शब्द मराठी माणसाला ओळखीचा वाटेल, कारण कोळशाच्या इंजिनाची धग आणि धूर पाहून मराठीनेही ‘आगगाडी’ हाच शब्द केला आणि वाफेवर चालणाऱ्या जहाजाला ‘आगबोट’ म्हटले. दोन भाषांनी एकमेकींचे काही न ऐकता एकच नाव ठेवले, कारण दोघींच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य होते.

आइसलँडमध्ये तर परके शब्द शक्यतो न घेता जुन्या शब्दांतून नवे घडवण्याचा शिरस्ताच आहे. तिथे संगणकाला ‘त्योल्वा’ म्हणतात. ‘ताला’ म्हणजे आकडा आणि ‘व्योल्वा’ म्हणजे प्राचीन कथांमधली भविष्य सांगणारी स्त्री. या दोन शब्दांच्या मिलाफातून तो घडला. मराठीतही असे प्रयत्न झाले आहेत. शिवकाळातल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द आज कोणाला नवे वाटत नाहीत.

आवाजाची नक्कल

कोंबडा जगभर एकसारखाच आरवतो, पण प्रत्येक भाषेत त्याचे आरवणे निराळे लिहिले जाते. मराठीत तो ‘कुकूचकू’ करतो, फ्रेंचमध्ये ‘कोकोरिको’, जर्मनमध्ये ‘किकेरिकी’, डचमध्ये ‘कुकेलेकू’, जपानीत ‘कोकेकोक्को’ आणि इंग्रजीत ‘कॉक-अ-डूडल-डू’. मराठी कुत्रे ‘भू भू’ करते, तुर्की ‘हाव हाव’, जपानी ‘वान वान’ आणि इंडोनेशियातले ‘गुक गुक’. प्रत्येक भाषेजवळ ध्वनींचा ठरावीक साठा असतो आणि निसर्गातला आवाज त्या साठ्यातूनच लिहावा लागतो. तरीही मूळ आवाज पुरता हरवत नाही. कोंबड्याच्या आरवण्यात जवळजवळ सगळीकडे ‘क’ टिकून आहे. कितीतरी पक्ष्यांची नावेही अशाच हाकांवरून पडली. संस्कृतातले काक, कोकिल आणि कुक्कुट ही त्यांतली ठळक उदाहरणे. चिनी भाषेत तर मांजराचे नावच ‘माओ’ आहे. मराठीतले ‘मांजर’ मात्र संस्कृत ‘मार्जार’वरून आले. त्याच्या मुळाशी पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाचा धातू आहे, आणि सतत अंग चाटणाऱ्या प्राण्याला तो शोभतो.

जपानी भाषेत नादशब्दांचे दोन वर्ग मानतात. खऱ्या आवाजाची नक्कल करणारे ते ‘गिओंगो’, आणि जिथे आवाज नाही अशा स्थितीला नादाने व्यक्त करणारे ते ‘गितैगो’. मुसळधार पाऊस ‘झा-झा’ पडतो, हलका पाऊस ‘शितो-शितो’. तारे ‘किरा-किरा’ चमकतात. जपानी चित्रकथांमध्ये एखाद्या चौकटीत सगळे गप्प झाले की चित्रावर ‘शीऽऽन’ असे लिहितात. शांततेलाही आवाज देणारा हा शब्द परक्यांना फार विलक्षण वाटतो. पण मराठी ‘शुकशुकाट’ वेगळे काय करतो? रस्त्यावर चिटपाखरू नसताना ते सांगायला मराठीने नादाचाच शब्द निवडला. मराठी पाऊसही ‘रिपरिप’, ‘रिमझिम’, ‘भुरभुर’ आणि ‘धो धो’ पडतो, आणि तारे बिनआवाज ‘लुकलुक’तात.

या बाबतीत मराठी किती श्रीमंत आहे हे स्वयंपाकघरात कळते. चकली कुरकुरीत हवी, करंजी खुसखुशीत हवी, पुरणपोळी लुसलुशीत हवी. मिसळ झणझणीत असली तर वाहवा होते आणि भाजी मिळमिळीत झाली तर नाक मुरडले जाते. चिकट भेंडी बुळबुळीत, नांगरलेली माती भुसभुशीत, घासलेला दगड गुळगुळीत. जिभेला, दाताला किंवा बोटाला जे जाणवते ते इथे कानाच्या भाषेत सांगितले जाते. या शब्दांची घडण अगदी नियमाने होते. दोन अक्षरांचा नाद दुप्पट करायचा आणि त्याला ‘ईत’ जोडायचे: कुरकुर, कुरकुरीत. शेवटी ‘स’ असेल तर ‘ई’च्या शेजाराने त्याचा ‘श’ होतो. म्हणून खुसखुसचे खुसखुशीत, लुसलुसचे लुसलुशीत आणि भुसभुसचे भुसभुशीत. हा नियम शाळेत कोणी शिकवत नाही, पण बोलायला लागलेले मूलही तो चुकत नाही. मोल्सवर्थ यांनी आपल्या मराठी-इंग्रजी कोशात असे अनुकरणवाचक शब्द आवर्जून नोंदवले. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द असलेला हा कोश बोलीतल्या नादशब्दांसाठी आजही उघडला जातो.

चहा-बिहा आणि कितप-मितप

पाहुण्याला ‘चहा-बिहा घेणार का?’ असे विचारले जाते, तेव्हा ‘बिहा’ या शब्दाला स्वतंत्र अर्थ नसतो. तरी ऐकणाऱ्याला कळते की चहा, नाहीतर कॉफी, बरोबर काही खायला, असे सगळेच विचारले आहे. पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ घालायचे की झाले: काम-बिम, पुस्तक-बिस्तक, लग्न-बिग्न. हिंदीत हीच जागा ‘व’ घेतो, म्हणून चाय-वाय. बंगालीत ‘ट’ येतो, म्हणून चा-टा. कन्नड आणि तमिळमध्ये ‘गि’ येतो. भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांनी शेजारधर्माने एकमेकींच्या सवयी उचलल्या, असे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी १९५६ मध्ये ‘भारत हा एक भाषिक प्रदेश’ या अर्थाच्या प्रसिद्ध लेखात मांडले. आर्यकुळातल्या आणि द्रविडकुळातल्या भाषांमध्ये सारखीच दिसणारी ही जोडशब्दांची रीत त्या शेजाराची खूण आहे.

ही रीत भारतापुरतीच नाही. तुर्की माणूस ‘कितप-मितप’ म्हणतो, म्हणजे पुस्तके-बिस्तके. तिथे ‘म’ येतो. अमेरिकेत यिद्दिश बोलणाऱ्या ज्यू लोकांमुळे इंग्रजीत ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ असे बोलणे आले. त्यातला ‘श्म’ मात्र तुच्छता दाखवतो. मराठी ‘बि’ही कधी कधी तेच काम करतो: ‘कसली परीक्षा-बिरीक्षा!’ या वाक्यात ते स्पष्ट दिसते.

मामा कोणाचा कोण?

जॉर्जियाच्या भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. जपानीत ‘हाहा’ म्हणजे आई. मराठीत मामा आईचा भाऊ आहे आणि दादा थोरला भाऊ. हिंदीत दादा वडिलांचे वडील होतो आणि नाना आईचे वडील. मराठी घरात मात्र नाना हे कोणाही वडीलधाऱ्या पुरुषाचे आदराचे नाव असू शकते. हा सगळा गोंधळ एकाच गोष्टीतून उभा राहतो. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ती उलगडली. बाळाला सर्वांत आधी ‘आ’ हा स्वर आणि ओठांनी किंवा दातांजवळ होणारे म, प, ब, द, न हे ध्वनी जमतात. बाळ ‘मामामा’, ‘बाबाबा’ असे बडबडते आणि घरातली मोठी माणसे ते शब्द आपल्याला उद्देशून आहेत असे धरून चालतात. कोणता नाद कोणाच्या वाट्याला गेला हे त्या त्या समाजाने ठरवले.

नात्यांची वाटणी किती बारीक असावी, यातही भाषांमध्ये फरक असतो. इंग्रजीत काकू, मामी, मावशी आणि आत्या या सगळ्यांना एकच शब्द पुरतो. मराठी माणसाला ते अपुरे वाटते. दोन बहिणींचे नवरे एकमेकांचे साडू, दोन भावांच्या बायका एकमेकींच्या जावा, मुलामुलींचे लग्न झाल्यावर दोन्हीकडचे आईबाप एकमेकांचे विहीण-व्याही. इंग्रजीत या नात्यांसाठी रोजचे सुटसुटीत शब्दच नाहीत. तुर्कीत मात्र ते सगळे आहेत. साडूला ‘बाजानाक’ म्हणतात, जावेला ‘एल्ती’, नणंदेला ‘ग्योरुम्जे’ आणि व्याह्याला ‘द्युन्युर’. व्याह्याला स्पॅनिशमध्येही ‘कॉन्सुएग्रो’ हा नेमका शब्द आहे. ज्या समाजात लग्नाने दोन कुटुंबे जोडली जातात आणि त्यांचे येणेजाणे, मानपान पिढ्यान् पिढ्या चालू राहतात, तिथे अशी नावे लागतातच. स्वीडिश भाषेने दुसरी वाट धरली. ‘मुर’ म्हणजे आई आणि ‘फार’ म्हणजे वडील. आईची आई ‘मुरमुर’ आणि वडिलांची आई ‘फारमुर’. दोन शब्द पाठ असले की चारही आजी-आजोबा तयार होतात.

प्रसंगांची नावे

गुबगुबीत बाळ दिसले की त्याचा गाल ओढावासा वाटतो, दातओठ आवळले जातात. फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेत या अनावर ऊर्मीला ‘गिगिल’ म्हणतात. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशानेही हा शब्द दाखल करून घेतला. मराठीत ऊर्मीला नाव नाही, पण तिच्यातून घडणाऱ्या कृतीला आहे: गालगुच्चा.

पुस्तके विकत घ्यायची आणि न वाचता त्यांची चळत रचत जायची, याला जपानीत ‘त्सुंदोकु’ म्हणतात. ‘रचून ठेवणे’ आणि ‘वाचणे’ या दोन शब्दांवर केलेली ती कोटी आहे. समोरच्याची ओळख करून देताना ऐन वेळी त्याचे नाव न आठवून जो अडखळा होतो, त्याला स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत ‘टार्टल’ हा शब्द आहे. वादात सुचले नाही आणि जिना उतरताना आठवले, अशा चपखल उत्तराला जर्मन माणूस ‘ट्रेप्पनवित्स’ म्हणतो, म्हणजे जिन्यावरचा विनोद. ही कल्पना अठराव्या शतकातल्या दिदरो या फ्रेंच लेखकाकडून आली.

जॉर्जियन भाषेतला ‘शेमोमेचामा’ हा शब्द तर जगभर गाजला. त्याचा अर्थ ‘एवढे खायचे नव्हते, पण खाता खाता सगळे संपले’ असा सांगतात. त्यामागे व्याकरणाची एक सोय आहे: क्रियापदाचे रूप असे बदलते की कर्त्याने काम ठरवून केले नाही, ते त्याच्या हातून झाले, असे कळते. मराठीत हीच सोय आहे. ‘मी लाडू खाल्ले’ आणि ‘माझ्याकडून लाडू खाल्ले गेले’ या दोन वाक्यांतला फरक कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

जेवणाभोवती तर शब्दांची दाटीच असते. स्पॅनिशमध्ये जेवण झाल्यावर टेबलावरच रंगणाऱ्या गप्पांना ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. मराठी घरात तेव्हा हात वाळेपर्यंत गप्पा चालतात. नॉर्वेत पावावर घालायच्या कोणत्याही पदार्थाला ‘पोलेग’ म्हणतात, मग ते चीज असो वा मासा. मराठी पानात लोणचे, चटणी, कोशिंबीर या सगळ्यांना मिळून ‘तोंडीलावणे’ हा एकच शब्द चालतो. स्पॅनिश ‘सिएस्ता’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘सहावा तास’ या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण सूर्योदयापासून मोजलेल्या सहाव्या तासाला दुपार होते. मराठीतली ‘वामकुक्षी’ वेळ सांगत नाही, डाव्या कुशीवर निजण्याची पद्धत सांगते. रात्रीच्या जेवणानंतरची ‘शतपावली’ तर पावलांची संख्याच सांगते.

अंतर मोजण्याचे शब्दही असेच जगण्यातून आले. फिनलंडमध्ये रेनडिअर लघवीला न थांबता जेवढे चालू शकतो त्या सुमारे साडेसात किलोमीटर अंतराला ‘पोरोनकुसेमा’ म्हणत. हे ऐकून हसू येते, पण ‘कोस’ हा शब्दही फार निराळा नाही. तो संस्कृत ‘क्रोश’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ आरोळी असा आहे. ‘हाकेच्या अंतरावर’ असे मराठीत आजही म्हणतात.

एक पक्षी, अनेक मुलूख

टर्की हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला. मेक्सिकोतून स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकात युरोपात नेला. इंग्रजांना तो तुर्कस्तानातून आला असे वाटले, म्हणून त्याचे नाव ‘टर्की’ पडले. तुर्क लोक मात्र त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंच ‘दँद’ या नावाचा अर्थही ‘हिंदचा’ असाच आहे. डच माणसाने नेमके शहर सांगितले. त्याचा ‘काल्कून’ कालिकतचा आहे. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात, अरबीत तो ‘रूमी कोंबडा’ आहे आणि मलाय भाषेत ‘डच कोंबडी’. एवढ्या देशांची नावे घेतली, पण त्याचा खरा देश कोणीच ओळखला नाही. त्या काळी अमेरिकेलाच ‘इंडीज’ म्हणत असल्याने आणि परक्या वस्तू अनेक हातांतून येत असल्याने असे झाले.

हिंदुस्थानात हा पक्षी आला तो गोव्यातून. १६१२ मध्ये मुघल दरबारातल्या मुकर्रबखानाने गोव्याच्या बंदरातून आणलेल्या नवलाईच्या प्राण्यांत तो होता. जहांगीर बादशहाने त्याचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले आणि चित्रकारांकडून चित्र काढून घेतले. या प्राण्यांची नावेसुद्धा तोवर कोणाला ठाऊक नव्हती, असे तो नोंदवतो. मन्सूर या चित्रकाराने रेखाटलेला तो टर्की लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगिजांचा ‘पेरू’ मराठी माणसाला मात्र फळाच्या टोपलीतच सापडेल.

त्याच पोर्तुगिजांनी मराठीला भरभरून शब्द दिले. पाव, चावी, बादली, परात, बिजागरी, घमेले, पिंप, पगार हे त्यांतले काही. उत्तरेत आलू असलेला कंद मराठीत बटाटा झाला तो त्यांच्यामुळे, आणि हा शब्द त्यांनाही कॅरिबियन बेटांवरून मिळाला होता. काजू आणि अननस हे शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधून पोर्तुगीजमार्गे आले. हापूस या नावात आफोन्सो द अल्बुकर्क हा पोर्तुगीज अंमलदार दडलेला आहे.

एकच शब्द, वेगळी घरे

एकाच मुळाचे शब्द शेजारच्या भाषेत भलताच अर्थ घेऊन बसतात, तेव्हा फजिती ठरलेलीच. हिंदी भाषक ‘शिक्षा’ म्हणतो ते शिक्षणाला. मराठी माणसाला त्यात छडी दिसते. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीतली चेष्टा म्हणजे थट्टा. पण ‘संसार’ या शब्दाची वाटचाल सर्वांत लांबची. संस्कृतात तो जन्ममरणाचा फेरा आहे, हिंदीत जग आहे, मराठीत घरगृहस्थी आहे. समुद्र ओलांडून तो इंडोनेशियात गेला तेव्हा तिथे ‘सेंगसारा’ झाला, आणि त्याचा अर्थ आहे हालअपेष्टा. मूळ शब्दात हे सगळे अर्थ बीजरूपाने होते. प्रत्येक समाजाने त्यांतला एकेक वाढवला.

साहित्यप्रकाराचे नावही असेच फिरते. हिंदी आणि बंगालीत ‘उपन्यास’, गुजरातीत ‘नवलकथा’, पण मराठी आणि कन्नडमध्ये ‘कादंबरी’. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेची नायिका कादंबरी, आणि तिचे नाव या दोन भाषांनी सगळ्या लेखनप्रकाराला देऊन टाकले.

दंतकथा आणि पडताळा

गमतीदार शब्दांभोवती खोट्या कथाही लवकर जमतात. कांगारूची गोष्ट सर्वांना माहीत असते: कॅप्टन कुकने ‘हा कोणता प्राणी?’ असे विचारले आणि तिथला माणूस ‘मला कळत नाही’ या अर्थाचे ‘कांगारू’ म्हणाला. प्रत्यक्षात १७७० मध्ये कुकचे जहाज दुरुस्तीसाठी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका नदीत थांबले होते. तिथल्या लोकांची भाषा गुगू यिमिधिर. १८२० मध्ये दुसरा एक खलाशी तिथे गेला, तेव्हा त्याला निराळाच शब्द सांगण्यात आला आणि कुकच्या शब्दावर शंका आली. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी त्या लोकांमध्ये राहून भाषा शिकल्यावर उलगडा झाला. ‘गंगुरू’ हे त्या भाषेत कांगारूच्या एका मोठ्या जातीचे खरेखुरे नाव आहे. दुसऱ्या खलाशाने ऐकलेला शब्द ‘खाण्याजोगा प्राणी’ या अर्थाचा होता. दोन्ही उत्तरे बरोबर होती.

एस्किमोंच्या भाषेत बर्फासाठी शेकडो शब्द आहेत, ही दुसरी दंतकथा. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये चार मूळ शब्द दिले होते: जमिनीवरचा बर्फ, पडणारा बर्फ, वाऱ्याने वाहणारा बर्फ आणि बर्फाचा ढीग. पुढच्या लेखकांनी तो आकडा फुगवत नेला. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा मार्टिन यांनी १९८६ मध्ये ही वाढती कथा उघड केली. त्या भाषांमध्ये तुर्कीसारखे प्रत्यय लागत जातात, त्यामुळे एका मुळापासून हवी तेवढी रूपे होतात आणि शब्द मोजण्यालाच फारसा अर्थ उरत नाही. रोजच्या जगण्याशी निगडित गोष्टीला अनेक शब्द असतात, हे मात्र खरे. इंग्रजीत जिथे बहुतेक वेळा ‘राइस’ हा एकच शब्द चालतो, तिथे शेतातली साळ, कांडलेला तांदूळ, तुटलेली कणी आणि पानातला भात हे मराठीत चार निरनिराळे पदार्थ आहेत.

म्हणून एखादा विचित्र शब्द ऐकला तर तीन गोष्टी तपासाव्यात. तो शब्द त्या भाषेचे लोक खरोखर वापरतात का? त्याचे भाग सुटे करता येतात का? आणि तो नेहमीच्या वाक्यात कसा बसतो? दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या यागान भाषेतला ‘मामिहलापिनातापाई’ हा शब्द या कसोटीवर पाहण्यासारखा आहे. ‘दोघांनाही हवी असलेली गोष्ट दुसऱ्याने सुरू करावी म्हणून दोघांनी एकमेकांकडे पाहणे’ असा त्याचा अर्थ सांगतात, आणि गिनेस बुकाने १९९४ मध्ये तो सर्वांत आटोपशीर शब्द म्हणून नोंदवला. भाग सुटे केले तर मुळाशी ‘काय करावे ते न सुचणे’ हा धातू निघतो. त्याला स्वतःकडे वळवणारा एक उपसर्ग आणि दोघांचा व्यवहार दाखवणारा एक प्रत्यय लागतो. म्हणजे काव्यमय वाटणारा अर्थ साध्या व्याकरणातूनच तयार होतो. वाक्यात तो कसा वापरत, हे आता विचारता येणार नाही. लहानपणापासून यागान बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती क्रिस्तिना काल्देरोन फेब्रुवारी २०२२ मध्ये वारल्या. एकोणिसाव्या शतकात टॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने सुमारे ३२,००० शब्दांचा यागान कोश रचून ठेवला, म्हणून त्या भाषेची घडण निदान अभ्यासता तरी येते. गमतीदार शब्दांच्या याद्यांपेक्षा असे कोश मोलाचे ठरतात, कारण त्यांत शब्दाशेजारी त्याचे बाकीचे सगळे गणगोत नोंदलेले असते.